मृत शिपायाचें नांव

युद्धांत माणसें मरतात हें कोणास नव्यानें सांगावयास नको. परंतु मेलेल्या शिपायाचें पुढें काय होतें, याचा विचार करणारे थोडे. १९१४ च्या महायुद्धांत आरंभीं इंग्रज शिपायाच्या गळ्यांत एकच बिल्ला असे. तो नोंदीसाठीं काढून नेला कीं मागें राहिलेल्या प्रेताची ओळखच बुडे! अखेर १९१६ सालीं दोन बिल्ले आले. तांबडा गोल कचेरीकडे जावयाचा, हिरवा अष्टकोनी प्रेताबरोबर राहावयाचा. लढाई थांबल्यावर फ्रान्स-बेल्जममध्यें शोधपथकें फिरूं लागलीं. गवत कोठें अधिक हिरवें दिसतें, उंदराच्या बिळाशीं हाडाचा तुकडा वर आला आहे काय, हें पाहून तीं उकरीत आणि खिसे, गळा, मनगटें, बूट तपासून नांवाचा माग काढीत. १९१७ सालीं स्थापन झालेल्या साम्राज्याच्या युद्धकबर-मंडळानें तर हुद्दा, वर्ण, धर्म न पाहतां सर्वांस सारखा मान, असें तत्त्व जाहीर केलें.

आतां बसऱ्याकडे पाहावें. कूटच्या वेढ्यांत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. मेसापोटेमियांत पडलेल्या ४०,५०० हून अधिक लोकांचें स्मारक बसऱ्यास उभारलें. त्यावर साध्या गोऱ्या शिपायाचें नांव आहे, आमच्या सुभेदार-जमादारांचें आहे. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखालीं नुसता आंकडा! धन्याचें काय झालें म्हणून विचारणाऱ्या बाईस काय आंकडा दाखवावयाचा? हिंदूस कबर नको असते, हें खरें. पण ज्याची राखही उरत नाहीं, त्याचें मागें नांवाखेरीज उरतें काय? शिवाय फ्रान्सांत नव शापेल येथें १९२७ सालीं ४,७०० हून अधिक हिंदी नांवें कोरलींच ना?

२०२१ सालीं मंडळाच्याच समितीनें कबूल केलें कीं, ४५,००० ते ५४,००० मृतांचें, बहुतेक हिंदी व आफ्रिकी, स्मरण असमानतेनें झालें, आणि निदान १,१६,००० लोकांचें नांवानें झालेंच नाहीं. मंडळानें माफी मागितली. ती योग्यच झाली.

परंतु आमच्याकडेही कित्येक गांवीं त्या युद्धाचे दगडी फलक आहेत: इतके इसम गेले, पैकीं इतके कामास आले. तेथेंही आंकडाच! मंडळाच्या नोंदींत आज अनेक शिपायांचें नांव, बापाचें नांव व गांव सांपडतें. ग्रामपंचायतींनीं तीं नांवें शोधून फलकाखालीं कोरून घ्यावींत. त्याकरितां लंडनच्या परवानगीची गरज नाहीं.