डीपीपर्यंतची चाळीस पावलं

आमच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीपर्यंत चाळीस पावलं होतात. दिवाळीनंतर भुरीला घेऊन तेवढं अंतर जायला मला साडेतीन महिने लागले.

भुरी गावठी कुत्री, सहा वर्षांची. कोथरूडच्या आमच्या गल्लीतून वेताळ टेकडीकडे निघालं की पट्टा ताणत पुढे धावायची. लक्ष्मीपूजनाला मुद्दाम उजेड असतानाच आम्ही बाहेर पडलो. डीपीच्या आडोशाला कुणीतरी लावलेला सुतळी बॉम्ब तिच्यापासून दोन हातांवर फुटला. माझ्या हातून पट्टा सुटला. ती सापडली जिन्याखाली, पाण्याच्या पंपामागे, आणि रात्री उशिरापर्यंत तिथून हलली नाही.

तिसऱ्या दिवशी मी तिला ओढून बाहेर नेलं. ‘एकदा ओढत न्या, होईल सवय,’ असं शेजारी म्हणाले आणि मला ते पटलं. चारही पाय रोवून ती मागे रेटत होती. फरशीवर घासणाऱ्या तिच्या नखांचा आवाज अजून माझ्या कानात आहे. त्यानंतर पट्टा दिसला तरी ती दिवाणाखाली शिरायची. आधी भीती डीपीची होती. आता पट्ट्याची, फाटकाची आणि माझीही.

कुत्र्यांवर प्रयोग करणारा शास्त्रज्ञ पावलॉव्ह म्हटलं की लोकांना घंटा आणि लाळ आठवते. मला आठवतो तो पूर. सप्टेंबर १९२४ मध्ये नेवा नदीचं पाणी लेनिनग्राडमधल्या त्याच्या प्रयोगशाळेत शिरलं आणि पिंजऱ्यातल्या कुत्र्यांना पोहवत बाहेर काढावं लागलं. त्यानंतर काही कुत्री शिकलेलं विसरली. एकाचं हळूहळू परत आलं, पण दाराखालून खोलीत पाण्याची बारीक धार सोडताच ते पुन्हा ढासळलं. भीती ओसरली तरी पुसली जात नाही, एवढं मला त्यातून कळलं. त्याच साली मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहानग्याची हकिगत प्रसिद्ध केली. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा आणि दर वेळी थोडा जवळ आणायचा. अखेर तो सशाला कुरवाळू लागला. भुरीसाठी मी हीच वाट धरली.

आधी डॉक्टरांनी तिचे कान आणि सांधे तपासले, कारण दुखत असलं की भीती वाढते. मग दहा दिवस रस्ता बंद. शी-शू पार्किंगच्या मागच्या मातीत. गळ्यातला पट्टा काढून छातीवरून जाणारा हार्नेस आणला, त्याला तीन मीटरची दोरी लावली. घरात हार्नेस नुसता जमिनीवर ठेवायचा आणि तिने हुंगला की उकडलेल्या कलेजीचा तुकडा द्यायचा. कलेजी एरवी बंद. पाचव्या दिवशी तिने आपणहून त्यात डोकं घातलं.

फाटकाबाहेर पडल्यावर मी रस्ता बघायचं सोडलं आणि तिलाच बघू लागले. शेपूट पोटाखाली जाण्याच्या कितीतरी आधी कुत्रं बोलत असतं. तोंडापुढे काही नसताना नाकावरून जीभ फिरते, झोप नसताना जांभई येते, पुढचा एक पाय अधांतरी राहतो, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतं. यातलं काहीही दिसलं की दोन पावलं मागे. सर्वांत खरी खूण कलेजीच. तोंडाशी धरूनही ती खात नसेल, तर मी फार पुढे आले आहे. मग शिकवणं संपलं, फक्त परतायचं.

क्रमही सांभाळावा लागतो. लांब कुठे बुलेटचं फटफट झालं की आधी आवाज, लगेच कलेजी. उलट झालं तर कलेजी दिसली की आता काहीतरी भयंकर होणार, असं ती शिकेल. आणि घाबरून ती पायाशी आली तर मी तिला जवळ घ्यायचे. लाड केल्याने भीती वाढते हा समज फार पसरलेला आहे, पण तो चुकीचा आहे. ज्याच्याजवळ सुरक्षित वाटतं त्याच्यापाशीच जीव धाव घेतो. त्याने पाठ फिरवली तर त्या जिवाने कुठे जायचं?

अकरा पावलांवर आम्ही पंधरा दिवस अडकलो. कुठल्याशा लग्नाचे फटाके वाजले आणि सगळं पुन्हा जिन्यापासून सुरू. एकदा विसाव्या पावलावर दुकानाचं शटर धाडकन खाली आलं, आठवडा गेला. अंतर मोजणं मी तेव्हाच थांबवलं. दोरी सैल सोडून तिला हुंगू दिलं. एकाच झाडाच्या बुंध्याशी सात-आठ मिनिटं जायची, पण परतताना तिची पाठ सैल असायची आणि शेपूट कमरेच्या रेषेत.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, गल्ली जागी व्हायच्या आत, ती डीपीपाशी पोचली. मान लांब करून, मागचे पाय मागेच ठेवून तिने खालची माती हुंगली. बराच वेळ. मग तिथेच बसून शू केली आणि नाकापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं.

टेकडीचा रस्ता तिथून उजवीकडे वळतो. तिकडे बघत ती उभी राहिली. मीही दोरी सैल धरून थांबले. मग ती घराकडे वळली, तशी मीही तिच्या मागून निघाले.