मधुमेह : एका संज्ञेचे दोन अर्थ

शास्त्रीय परिभाषा भारतीय भाषांत आणण्याचे दोन मार्ग आहेत : नवी संज्ञा घडविणे अथवा जुनी स्वीकारणे. नागपुरात डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांपासून नव्या संज्ञा घडविल्या. त्यांचा इंग्रजी-हिंदी बृहत्कोश १९५५ साली प्रसिद्ध झाला. अशी संज्ञा प्रथम दुर्बोध वाटते. परंतु तिला पूर्वार्थ चिकटलेला नसतो.

वैद्यकात पुष्कळदा दुसरा मार्ग अनुसरला गेला. 'डायाबीटिस मेलिटस' यास मराठीत 'मधुमेह' म्हणतात. दोन्ही नावांत मधाचा निर्देश असल्याने हा पर्याय स्वाभाविक वाटतो. तथापि चरकसंहितेत प्रमेहाचे २० प्रकार असून मधुमेह हा ४ वातज प्रमेहांपैकी एक होय. आणि वातज प्रमेह तेथे असाध्य मानले आहेत. आधुनिक निदान मात्र रक्तातील शर्करेच्या प्रमाणावरून होते व उपचाराने रोग ताब्यात ठेवता येतो.

नंदनवनातील आयुर्वेद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यास हे दोन्ही अर्थ अभ्यासावे लागतात. रुग्णाशी बोलताना एकाच्या जागी दुसरा अर्थ गृहीत धरला गेला, तर शब्द तोच राहूनही रोगाविषयीचे भाकीत पालटते. म्हणून कोशात प्रतिशब्दाबरोबर तो कोणत्या शास्त्रातील, याचाही निर्देश असणे अगत्याचे आहे.