चार भिंतींचे घर

न्यूझीलंड हे नाव आपल्या घरांत बहुधा क्रिकेटच्या निमित्ताने निघते. युरोपीय लोक येण्यापूर्वी कित्येक शतके त्या बेटांवर नांदत असलेला माओरी समाज मात्र आपल्या फारसा परिचयाचा नाही. मनुष्य आजारी पडतो म्हणजे नेमके काय होते, आणि तो बरा झाला असे केव्हा म्हणावे, या प्रश्नांचे त्या समाजाने पूर्वजांपासून जतन केलेले उत्तर कोणत्याही कुटुंबाने मनन करावे असे आहे.

माओरी कुळात जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ मेसन ड्यूरी यांनी हे उत्तर १९८० नंतरच्या काही वर्षांत आधुनिक वैद्यकाला समजेल अशा रीतीने मांडले. त्यांनी दृष्टान्त घेतला तो घराचा. आरोग्य म्हणजे चार भिंतींचे घर. पहिली भिंत शरीराची, दुसरी मनाची, तिसरी कुटुंबाची व चौथी आत्म्याची. या चौथीला माओरी भाषेत ‘वाइरुआ’ म्हणतात. पूजाप्रार्थना एवढाच तिचा अर्थ नव्हे. पूर्वज, डोंगर, नदी यांच्याशी मनुष्याचे जे अदृश्य नाते असते, तेही तीत येते. एक भिंत खचली की उरलेल्या तिघींवर भार पडतो. ज्याची जखम भरून आली, परंतु जो आप्तांपासून तुटला आहे, त्याला या विचाराप्रमाणे बरा झालेला म्हणता येत नाही.

हे घर उभे असते ते भूमीवर. माओरी भाषेत भूमीला ‘फेनुआ’ म्हणतात, आणि वाचकहो, गर्भातील वारेलाही तोच शब्द आहे! बाळ जन्मले की त्याची वार कुळाच्या भूमीत पुरण्याची तेथे चाल आहे. ‘जिथे माझी नाळ पुरली आहे’ असे आपल्याकडील वृद्ध आपल्या गावाविषयी बोलतात, त्यांना हा भाव वेगळा समजावून सांगावयास नको.

या घराच्या भिंती एकोणिसाव्या शतकात हादरल्या. १८४० मध्ये वाइतांगी येथे ब्रिटिश राजसत्तेशी करार झाला. तथापि पुढील काही दशकांत बहुतेक जमीन माओरींच्या हातून गेली. परक्या रोगांच्या साथी आल्या. १८९६ च्या शिरगणतीत माओरींची संख्या सुमारे ४२ हजार भरली. शाळेत मातृभाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. १९०७ मध्ये तर माओरी वैद्य-पुरोहितांच्या, म्हणजे ‘तोहुंगां’च्या, उपचारांना आळा घालणारा कायदाच झाला.

येथे एक गोष्ट न विसरता सांगितली पाहिजे. या कायद्याला पाठिंबा देणाऱ्यांत माउई पोमारे हे स्वतः माओरी असलेले डॉक्टर होते. तापाने फणफणलेल्या रुग्णाला थंड पाण्यात बसविण्यासारखे उपचार काही तोहुंगा करीत आणि त्यात माणसे दगावत, हे त्यांना पाहवेना. त्यांची कळकळ खरी होती. परंतु कायद्याने घातक उपचार आणि हितकर शिकवण यांच्यात भेद केला नाही. वनस्पतींचे ज्ञान, अंग चोळण्याची कला, रुग्णाभोवती सारे कुटुंब जमविण्याची रीत, हे सगळेच त्याच्या सावटाखाली आले. तो कायदा रद्द व्हावयास १९६२ साल उजाडावे लागले.

सावरण्याचे काम पुढे घराघरांतून सुरू झाले. १९८२ मध्ये ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेची घरटी, या नावाच्या बालशाळा निघाल्या. त्यांत आजीआजोबा नातवंडांशी केवळ माओरी भाषेत बोलत. १९८७ मध्ये ती देशाची अधिकृत भाषा झाली. २०१७ मध्ये फांगानुई नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा मिळाला. पारंपरिक उपचारांना तेथे ‘रोंगोआ’ म्हणतात. अपघातग्रस्तांना साह्य करणाऱ्या सरकारी संस्थेने २०२० मध्ये त्यांचा खर्च देण्यास आरंभ केला. त्यांतील सुप्रसिद्ध वनस्पती कावाकावा ही आपल्या नागवेलीची व मिरीची सगोत्र असून तिचे पानही हृदयाच्या आकाराचे असते. अर्थात, कावाकावाचा काढा पिऊन डॉक्टरांकडे जाणे टाळावे, असे हा विचार सांगत नाही. शरीराची भिंत डॉक्टरांनी सांभाळावी. उरलेल्या तिघींकडेही कोणीतरी पाहावे, एवढेच त्याचे मागणे आहे. २०२३ च्या शिरगणतीत माओरींची संख्या ८ लाख ८७ हजारांवर गेली होती.

जुन्यातले काय राखावे आणि काय सोडावे? याचा धडा माओरी स्त्रिया विणकाम शिकविताना देतात. ‘हाराकेके’ नावाच्या झुडपाच्या लांब, तलवारीसारख्या पात्यांपासून त्या टोपल्या व चटया विणतात. झुडपाच्या मधला कोवळा कोंब म्हणजे मूल. त्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारी पाती म्हणजे आईबाप. या तिघांना कधीही कापावयाचे नाही. घ्यावयाची ती बाहेरची, आजोबा-पणजोबांची जून पाती. ती कापल्याने झुडूप मरत नाही. त्या पात्यांची टोपली होते, आणि आतला कोंब वाढत राहतो.

वाचकहो, आपल्या घरी कोणी आजारी पडले, तर औषधाच्या वेळा अवश्य सांभाळा. परंतु त्याच्या उशाशी बसावयास कोणी आहे काय, त्याच्या मनातले कोणी ऐकून घेते काय, नातवंडांना आजीपाशी बसण्याची सवड मिळते काय, हेही त्याच वेळी पाहा. शरीराची भिंत उभी करणारे डॉक्टर गावात भेटतील. इतर तीन भिंतींचे गवंडी मात्र आपल्या घरातच असावे लागतात.