गाणे दिसते कसे?

गेल्या वैशाखात आमच्या ताईचे लग्न झाले. वरात मारुतीच्या पारापाशी आली आणि बँडवाल्याने 'झिंगाट' धरले. मग काय विचारता! काका, मामा, शेजारचे गुरुजी, इतकेच काय, कधी मान वर करून न बोलणारा आमचा चुलतभाऊसुद्धा धुळीत नाचू लागला. गाणे तीनदा झाले. आम्ही मुली व बायका ओट्यावर उभ्या राहून बघत होतो. माझे पाय ओट्यावरच ठेका धरू लागले, तेव्हा आईने डोळे वटारले. मी पाय आवरले. पण डोक्यात एक प्रश्न मात्र शिरला, की हे गाणे चित्रपटात नेमके कुठे संपते, हे या नाचणाऱ्यांपैकी किती जणांना आठवत असेल?

त्या प्रश्नातूनच प्रस्तुत लेख झाला आहे. गाणे आपण आता ऐकतो त्यापेक्षा जास्त पाहतो. परंतु ते दिसते कसे, त्याची रचना कशी केलेली असते, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

प्रारंभी असे नव्हते. १९३२ साली प्रभातने 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढला, त्या काळी नटाला कॅमेऱ्यासमोर स्वतःच गावे लागे. गाता गळा हवा, ध्वनिग्राहकाच्या टप्प्यात उभे राहायला हवे आणि वादकही जवळपासच हवेत. साहजिकच गाणारा एका जागी खिळलेला असे. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूप छाँव' या चित्रपटात पार्श्वगायनाचा उपयोग केला. गाणे आधी ध्वनिमुद्रित करायचे, चित्रणाच्या वेळी ते मोठ्याने वाजवायचे आणि नटाने त्यावर फक्त ओठ हलवायचे. आवाज एकाचा व चेहरा दुसऱ्याचा झाला आणि नटाचे पाय मोकळे झाले. आज नायक कड्याच्या टोकावर धावतानाही दम न लागता गातो, त्याचे मूळ या युक्तीत आहे.

याच युक्तीची एक गंमत वाचली तेव्हा मी थक्क झाले. पडद्यावर केस, पदर, पाण्याचे थेंब सारे संथ हलते. पण ओठ मात्र गाण्याशी बरोबर जुळतात. हे कसे? चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चित्रे असतात. संथ दृश्यासाठी कॅमेरा एका सेकंदात ४८ चित्रे टिपतो आणि ती पुढे नेहमीच्या गतीने दाखवली, की हालचाल निम्म्या वेगाची दिसते. मग ओठही संथ व्हायला हवेत. म्हणून चित्रणाच्या वेळी गाणे दुप्पट वेगाने वाजवतात. नटी बिचारी चिमणीसारख्या आवाजावर भराभर ओठ हलवते आणि पडद्यावर ती स्वप्नात गात असल्यासारखी दिसते!

संकलनाचेही असेच. मिनिटाला १२० ठोक्यांचे गाणे असेल, तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे बारा चित्रांचा. संकलक ठोक्यावर दृश्य तोडतो आणि आपल्याला वाटते, की चित्रच ताल धरते आहे. प्रत्येक ठोक्यावर तोडले तर डोळे दुखतात, म्हणून मधूनच तो एक ठोका मुद्दाम सोडून देतो. दोन कडव्यांमधले संगीत हे तर स्थळ व कपडे बदलायचे दार! ध्रुवपद नदीकाठी, कडवे डोंगरावर, पुन्हा ध्रुवपद नदीकाठी. एवढी पायपीट होऊन धूळ नाही, घाम नाही. गाण्यात भूक लागत नाही, रात्र होत नाही, कुणी हाक मारीत नाही. माझ्या मते गाण्याच्या चित्रणाचा मुख्य संकेत हाच, की ते आपल्याला 'आधी' आणि 'नंतर' विसरायला लावते.

दुसरा संकेत पाहण्याचा. कोण पाहतो आणि कुणाला पाहिले जाते? व्ही. शांतारामांच्या 'पिंजरा'मधल्या (१९७२) लावण्या आठवा. संध्या नाचते आणि कॅमेरा बहुतेक वेळ फडातल्या पुरुषांच्या जागी बसतो. बैठकीत आपणही त्यांच्याच रांगेत असतो, मग आपण मुलगी असलो तरीही. पुढे दूरदर्शन आले. अमेरिकेत १९८१ साली केवळ गाण्याच्या फिती दाखवणारी एमटीव्ही वाहिनी सुरू झाली आणि चित्रपटाशिवाय गाण्याचा व्हिडिओ हा स्वतंत्र प्रकार बळावला. तो मुळात ध्वनिमुद्रिका खपवण्याची जाहिरात, हे विसरता कामा नये. आपल्याकडे १९९५ साली आलेला अलिशा चिनॉयचा 'मेड इन इंडिया' पाहावा. त्यात राणी आहे, देशोदेशीचे वर आहेत, आणि निवड करणारी ती आहे. शेवटी मिलिंद सोमण वस्तूसारखा खोक्यातून बाहेर येतो! पाहणारी बाई इथे दिसते खरी, पण त्यासाठी तिला राणी व्हावे लागले.

नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने (२०१६) मात्र ही नजर राजवाड्यातून उचलून करमाळ्याच्या रानात आणली. अर्ची परश्याकडे पाहते, बिनधास्त पाहते. बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. श्रेया घोषालच्या आवाजातले गाणे तिच्याच मनाचे आहे. तंत्र तेच जुने आहे: संथ गती, मोकळे आकाश, अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेले संगीत. आजवर हा थाट शहरातल्या किंवा परदेशातल्या प्रेमासाठी राखीव होता. इथे तो विहिरीकडे धावत सुटलेल्या मासेमाराच्या पोराला मिळाला. परश्या धावतो तेव्हा वाटते, की आपल्या बांधावरून धावणाऱ्या कुणासाठीही इतके व्हायोलिन वाजू शकतात.

त्या विहिरीविषयी एक सांगायलाच हवे. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याच महिन्यात, १२ एप्रिलला, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली होती. मी तेव्हा चौथीत होते. आमच्या गल्लीत घागरींची रांग पहाटेपासून लागे. परश्याने विहिरीत उडी मारली तेव्हा माझी आजी प्रेमाविषयी काहीच बोलली नाही. "पाणी किती हाय गं बाई!" एवढेच म्हणाली. गाणे आपल्याला 'आधी' व 'नंतर' विसरायला लावते असे मी वर म्हटले. पण तहानलेला प्रेक्षक सगळेच विसरत नाही.

आता 'झिंगाट'कडे येऊ. चित्रपटात हे गाणे अर्चीच्या भावाच्या वाढदिवसाला वाजते. लोक वरातीसारखे, हवे तसे नाचतात. २०१८ साली 'धडक' या हिंदी आवृत्तीत संगीतकार तेच, चालही तीच. पण कथा उदयपुरात गेली, फराह खान यांनी नृत्य बसवले आणि पाय रांगेत एकदम उचलले जाऊ लागले. दिसायला ते नेटके आहे. धूळ मात्र गेली. 'सैराट'मध्ये त्याच रात्री परश्या व अर्ची पकडले जातात आणि मार सुरू होतो, पुढे पलायन. चारही गाणी पूर्वार्धातच संपतात. उत्तरार्धात, हैदराबादच्या झोपडपट्टीत, एकही गाणे नाही. तिथे भूक लागते, रात्र होते, संशय येतो. अखेरच्या दृश्यात, जातीच्या नावाखाली दोघांची हत्या झाल्यावर, संगीत तर नाहीच, आवाजही उरत नाही. पूर्वार्धातल्या संथ गतीची आणि व्हायोलिनची सारी किंमत दिग्दर्शकाने इथे वसूल केली आहे.

परंतु मोबाइलवर गाणे एकटे येते. चार मिनिटांत सुरू होऊन संपते. मागे उत्तरार्ध नाही. माझ्या वर्गातल्या मैत्रिणींना चारही गाणी पाठ आहेत. शेवट पाहिला का, असे विचारले तर बऱ्याच जणी म्हणतात, "तेवढं आम्ही बघतच नाही." त्यांना मी दोष देत नाही, मीही दुसऱ्यांदा पाहिला नाही. आमच्या वरातीत नाचणाऱ्या काका-मामांनी ताईचे स्थळ जात, पोटजात, पत्रिका पाहूनच ठरवले होते. तेच 'झिंगाट'वर घामाघूम होऊन नाचत होते. त्यात लबाडी होती असे मला वाटत नाही. गाणे त्यांच्यापर्यंत आले तेच शेवट कापून आले होते.

लग्नाआधी पंधरा दिवस ताई आणि दाजींचीही गाण्याची फीत काढली गेली. हल्ली ती पद्धतच पडली आहे. आमच्या रानात चैत्रात हिरवे काही नव्हते, म्हणून सगळे मांजरा धरणाच्या पाण्याकडे गेलो. ड्रोन उडाला. हातात विळा नसलेली, रानावनात नुसतीच उभी असलेली ताई मी पहिल्यांदा पाहिली. दाजी खिशात हात घालून उभे होते. कॅमेरावाला पुन्हा पुन्हा सांगत होता, "ताई, खाली बघा. आता हळूच वर. आता तिकडं चालत जा अन् मागं वळून बघा." सातव्या वेळी ताई थांबली आणि म्हणाली, "एकदा ह्यांना पण खाली बघायला सांगा की." सगळे हसले. दाजी लाजले आणि खरोखरच खाली बघत राहिले. ताई त्यांच्याकडे अगदी सरळ, मान न वळवता, पाहत उभी होती. कॅमेरावाल्याने तेही टिपले.

तयार फीत साडेतीन मिनिटांची आली. त्यात ते दृश्य नव्हते. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "ठेक्यात बसत नव्हतं."