विषारी भूछत्रांची ओळख

पावसाळ्याच्या प्रारंभी रानात, वारुळांवर व कुजक्या लाकडांवर भूछत्रे उगवू लागतात. कोकणात अळंबी, तर विदर्भात सात्या किंवा टेकोडे या नावांनी ती आवडीने खाल्ली जातात. मात्र या आवडीत धोकाही आहे. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी भूछत्रे खाऊन १३ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतांश चहामळ्यांतील कामगारांच्या कुटुंबांतील होते.

चांदीचे नाणे काळे पडले तर भूछत्र विषारी, किडीने खाल्लेले असेल तर निर्धोक, अशा समजुती सर्वत्र रूढ आहेत. त्यांना शास्त्राचा आधार नाही. ॲमानिटा फॅलॉइडिस ही सर्वांत घातक मानली जाणारी जाती किडी व गोगलगाई खुशाल खातात. तिच्यातील अमॅटॉक्सिन हे विष शिजवून वा वाळवून नष्ट होत नाही आणि एकच भूछत्र प्रौढ माणसाचा प्राण घेण्यास पुरते.

शास्त्रज्ञ भूछत्रांचे वर्गीकरण केवळ टोपीच्या रंगावरून करीत नाहीत. टोपीखालील पडदे, देठावरील कडे, बुंध्याचे आवरण व बीजाणूंचा रंग ही सर्व लक्षणे एकत्र पाहावी लागतात. ॲमानिटा वंशातील घातक जातींचे पडदे पांढरे, देठावर कडे आणि बुंध्याशी पेल्यासारखे आवरण असते. हा पेला बहुधा मातीत दडलेला असतो. भूछत्र वरच्यावर खुडले की मुख्य खूण जमिनीतच राहते. म्हणून ते मुळापासून उकरून पाहावे. टोपी कागदावर रात्रभर पालथी न घालता, पडदे खाली येतील अशी ठेवल्यास बीजाणूंचा ठसा उमटतो. ॲमानिटाचा ठसा पांढरा, तर वारुळावरील अळंबीचा फिकट गुलाबी असतो. तथापि पेला नाही म्हणून भूछत्र निर्विष, असे मुळीच समजू नये. लेपिओटा वंशातील काही लहान जातींना पेला नसतो, विष मात्र तेच असते. पूर्ण खात्री नसेल तर ते खाऊ नये, हेच योग्य.

खाल्ल्यानंतर तासा-दोन तासांत उलट्या झाल्या, तर त्या बहुधा सौम्य विषाच्या असतात. सहा तास किंवा त्याहून उशिरा सुरू झालेल्या उलट्या व जुलाब अधिक भयावह होत. दुसऱ्या दिवशी रोग्यास बरे वाटू लागते, घरचे निर्धास्त होतात. त्याच वेळी यकृताचा नाश चालू असतो. तेव्हा उतार पडल्याचे पाहून रोग्यास घरी ठेवू नये. त्याच भाजीतले जेवलेल्या सर्वांना, त्रास नसला तरी, रुग्णालयात न्यावे. उरलेली भूछत्रे व त्यांचे तुकडे कागदात गुंडाळून बरोबर द्यावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती लवकर कुजतात व ओळखणे कठीण होते.