मासळीआधी पाण्याची मशागत

जालना औद्योगिक वसाहतीची ओळख सळईच्या कारखान्यांशी आणि बियाण्यांच्या उद्योगाशी जोडलेली असली, तरी वसाहतीच्या कुंपणापलीकडच्या शिवारात प्लास्टिक कागदाचे अस्तर असलेली शेततळी आता तितकीच नित्याची झाली आहेत. जालना तालुक्यातील कडवंची या गावाने पाणलोट विकासानंतर शेततळ्यांच्या जोरावर द्राक्षशेती उभी केली आणि २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही राज्य शासनाची योजना आल्यावर असे तळे सामान्य शेतकऱ्याच्याही आवाक्यात आले. तळे पाण्याने भरले की त्यात मासे सोडण्याचा विचार ओघानेच येतो. परंतु नवे पाणी आणि माशांना मानवणारे पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक न ओळखल्यामुळे पहिल्याच आठवड्यात मत्स्यबीज दगावते.

योजनेतील ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल तळ्याच्या बाजू उतरत्या असल्याने त्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. हे पाणी बहुधा नाल्यातून किंवा विहिरीतून उचलले जाते. मात्र कारखान्याच्या आवारात तळे करायचे झाल्यास आणखी एक स्रोत डोक्यावरच असतो. पाच हजार चौरस मीटरच्या छतावर वर्षाकाठी ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याचे ३,५०० घनमीटर पाणी होते आणि गळती, बाष्पीभवन वगळूनही एक तळे भरते. या हिशेबातली मेख अशी की छताच्या पत्र्यांना अनेकदा जस्ताचा मुलामा असतो आणि पावसाच्या पाण्याबरोबर त्यातले थोडे जस्त सुटून येते. जस्त माशांच्या कल्ल्यांना, म्हणजे श्वसनाच्या अवयवांना, इजा करते. ज्या पाण्यात कॅल्शियम विपुल आहे अशा जड पाण्यात ही इजा कमी होते, तर पावसाच्या मृदू पाण्यात ती वाढते. त्यामुळे पहिल्या एक-दोन सरींचे धुळीचे पाणी बाहेर सोडून द्यावे आणि उरलेल्यात बसाल्ट खडकातून पाझरलेले विहिरीचे जड पाणी मिसळावे, हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय ठरतो.

जड पाण्याचा आणखी एक उपयोग आहे. पाण्याची आम्ल-अल्क स्थिती ज्या अंकाने मोजतात त्या सामूला स्थिर ठेवण्याचे काम पाण्यात विरघळलेली बायकार्बोनेटे करतात, आणि या क्षमतेला अल्कता म्हणतात. केवळ पावसाच्या पाण्याने भरलेल्या तळ्यात ती नगण्य असल्यामुळे दुपारी शेवाळाने कार्बन डायऑक्साइड शोषून घेतला की सामू झपाट्याने चढतो आणि रात्री पुन्हा घसरतो. कृषी चुन्याने ही उणीव भरून काढता येते: एका घनमीटरला ५० ग्रॅम या मात्रेने दोन हजार घनमीटर पाण्याला १०० किलो चुना लागतो.

खऱ्या अर्थाने तळे ‘पिकते’ ते त्यात प्लवक वाढल्यावर. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. त्यांतील वनस्पतिप्लवक सूर्यप्रकाशावर अन्न व प्राणवायू तयार करतात आणि प्राणिप्लवक त्या वनस्पतिप्लवकांवर जगतात. मातीच्या तळ्यात तळाच्या गाळातून पोषकद्रव्ये पाण्यात सतत मिसळत राहतात, परंतु प्लास्टिकच्या अस्तराने ही वाट बंद केलेली असते, म्हणून कुजवलेले शेण किंवा खत बाहेरूनच द्यावे लागते. येथे शेतकऱ्याची कोंडी होते, कारण हेच पाणी पुढे ठिबक सिंचनाला जाणार असते, आणि ज्या हिरवट पाण्यावर मासा पोसतो तेच पाणी ठिबकच्या नळ्या तुंबवते. वाळूची गाळणी लावून ती नियमित धुण्याची तयारी नसेल, तर खत घालण्याच्या भानगडीत न पडता मोजके मासे सोडून त्यांना बाहेरून खाद्य देणेच बरे. पाणी तयार झाले की नाही, हे पाहण्यासाठी हात कोपरापर्यंत बुडवून तळव्याकडे पाहण्याची रीत आहे: तळवा लख्ख दिसला तर प्लवक अपुरे आहेत, हात मनगटापर्यंतच गेला असता तळवा दिसेनासा झाला तर ते गरजेपेक्षा जास्त आहेत, आणि कोपर बुडाल्यावर तळवा पुसट दिसला तर पाणी योग्य आहे.

भारतात तळ्यातील मत्स्यशेतीचा पाया कटला, रोहू आणि मृगळ या तीन माशांवर उभा आहे. हे तिघे एकाच पाण्यात नांदतात, कारण वर वळलेल्या तोंडाचा कटला पृष्ठभागाजवळचे प्राणिप्लवक खातो, रोहू मधल्या थरात वावरतो आणि मृगळ तळाशी साचलेले सेंद्रिय अवशेष वेचतो. प्लास्टिकच्या तळाशी असे अवशेष सुरुवातीला जवळपास नसतातच, त्यामुळे पहिल्या वर्षी मृगळचे प्रमाण कमी ठेवणे शहाणपणाचे. हे मासे नैसर्गिकरीत्या पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साठलेल्या पाण्यात घालत नाहीत. म्हणून पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे आणि त्यात नको त्या माशांची पिल्लेही येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशांच्या मेंदूजवळील पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले, आणि हवे त्याच जातीचे बीज मिळण्याचा मार्ग खुला झाला. तळ्यात ही प्रजा आपोआप वाढत नाही, ही खासगी तळ्याच्या मालकाला वरवर अडचण वाटली तरी वस्तुतः सोय आहे, कारण किती मासे सोडले ते त्याला ठाऊक असते आणि खाद्याचा हिशेब चुकत नाही. झटपट वाढतो म्हणून कोणी आफ्रिकी मागूर सुचवला, तर त्या माशाच्या संवर्धनावर भारतात २००० सालापासून बंदी आहे, हे लक्षात ठेवावे.

नऊ गुंठ्यांच्या तळ्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिल्ले, पाचशेच्या आसपास सोडणे पुरेसे आहे. दहा ग्रॅमची एक याप्रमाणे त्यांचे एकूण वजन ५ किलो भरते आणि वजनाच्या तीन टक्के दराने दिवसाला अवघे दीडशे ग्रॅम पेंड-कोंड्याचे मिश्रण लागते; उत्साहाच्या भरात पसाभर जास्त टाकलेले खाद्य तळाशी कुजून अमोनिया तयार करते. नव्या तळ्यात अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू अजून रुजलेले नसतात. शिवाय अमोनिया किती विषारी ठरेल हे सामूवर अवलंबून असते: ३० अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपात नसतो, तर सामू ९ झाला की जवळजवळ निम्मा अमोनिया त्या रूपात जातो. बीज सोडताना होणारी मरही याच रसायनशास्त्रातून उलगडते. प्राणवायू भरलेल्या पिशवीत प्रवासादरम्यान कार्बन डायऑक्साइड साचून सामू खाली आलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया निरुपद्रवी राहतो. परंतु पिशवी फोडून चढ्या सामूचे पाणी त्यात मिसळले की तोच अमोनिया विष बनतो. म्हणून पिशव्या सकाळी, सामू उतरलेला असताना, पंधरा-वीस मिनिटे तळ्यावर तरंगत ठेवून तापमान सारखे करावे, थोडे थोडे पाणी मिसळावे आणि पुढे फार वेळ न दवडता पिल्लांना स्वतःहून पोहत बाहेर पडू द्यावे.

जालन्यासारख्या पर्जन्यछायेच्या जिल्ह्यात मासेमारीची तारीख मासा किती वाढला यावर कमी आणि मोसंबीला किती पाणी लागते यावर जास्त ठरते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सोडलेल्या बोटुकलीला मार्चपर्यंत जेमतेम सहा-सात महिने मिळतात. पाण्याची खोली दीड मीटरच्या खाली गेली की उन्हाने ते लवकर तापते, त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि पहाटे मासे तोंड वर काढून श्वास घेऊ लागतात. त्यामुळे फेब्रुवारीपासूनच टप्प्याटप्प्याने जाळे टाकणे इष्ट असते. ओल्या प्लास्टिकवर पाय ठरत नसल्याने काठावर घट्ट बांधलेला दोर असल्याशिवाय तळ्यात उतरू नये; पोहता येणारी माणसेही अशा तळ्यांत बुडतात. कटला आणि रोहू जाळ्यात सहज येतात. मृगळ मात्र तळाशी दडी मारून जाळ्याखालून निसटतो, आणि उरलेले सगळे मृगळ हाती लागतात ते बागेला शेवटचे पाणी देऊन तळे रिकामे झाल्यावरच.