रिकाम्या रायफलची मेहनत

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत मंडया भरू लागतात. हलका धान निघालेला असतो, पाहुण्यांनी घरं भरलेली असतात आणि गावोगावी दंडार, नाटकं, पाळणे, जिलेबीच्या कढया यांची धामधूम असते. त्या गर्दीत फुग्यांचा एक फळा हमखास लागतो. गोंदिया तालुक्यातल्या दवनीवाडा भागातल्या बहुतेक मुलांच्या हातात पहिली बंदूक येते ती या फळ्यासमोर. छऱ्याची बंदूक, दस्ता घासून गुळगुळीत झालेला, माशी कधीचीच वाकलेली. एखाद्या पोराने लागोपाठ चार फुगे फोडले की सोबतचे म्हणतात, याचा नेम उपजतच आहे. पुढच्या मंडईपर्यंत त्या पोराच्या हातात पुन्हा बंदूक येत नाही आणि उपजत म्हटलेला तो नेम तिथेच संपतो.

नेम उपजत असतो, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. महाराष्ट्रातल्या नेमबाजांचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो. तो आहे रोजच्या, कंटाळवाण्या मेहनतीचा, आणि त्या मेहनतीत गोळी फारच कमी वेळा सुटते.

स्वप्निल कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. वडील शिक्षक. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून २००९ च्या सुमारास तो नेमबाजीकडे वळला. काडतुसांसाठी वडिलांनी कर्ज काढलं. २०१५ मध्ये तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरायला लागल्यापासून पहिलं ऑलिंपिक गाठेपर्यंत त्याची बारा वर्षं गेली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत तो उतरला तेव्हा पात्रता फेरीतलं त्याचं स्थान होतं सातवं, गुण ६०० पैकी ५९०. या प्रकारात आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं पडून आणि शेवटी उभ्याने नेम धरायचा असतो. सर्वांत अवघड उभ्याची स्थिती, कारण रायफलला ना जमिनीचा आधार, ना गुडघ्याचा. पहिल्या दोन स्थितींनंतर स्वप्निल पदकाच्या बाहेर होता. उभ्याने नेम धरायला लागल्यावर तो वर सरकला आणि ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेऊन थांबला. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत पदक मिळवलं, त्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी मराठी माणसाच्या गळ्यात ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक पडलं.

त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या. त्याच अथेन्समध्ये सुमा शिरूर अंतिम फेरीत पोहोचल्या होत्या. त्याआधी चार वर्षं सिडनीत अंजली भागवत अंतिम फेरीत गेल्या होत्या. अंजलीताईंच्या हातात रायफल आली ती एनसीसीमुळे. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोत १० मीटर एअर रायफलचं विश्वविजेतेपद मिळवलं, तेही वयाच्या अठराव्या वर्षी. एका राज्यात इतके नेमबाज निव्वळ योगायोगाने घडत नाहीत. आधीच्या पिढीने पुढच्या पिढीजवळ उभं राहून सराव करून घेतला, म्हणून हे घडलं.

या सरावात नेमकं काय करतात? १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. छरा त्याच्या नऊपट जाड, साडेचार मिलिमीटरचा. रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत. साठ नेम, पंचाहत्तर मिनिटं. इतका वेळ दंडाच्या ताकदीवर रायफल पेलली तर दहाव्या नेमालाच हात थरथरायला लागतो. म्हणून डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, पाठीला थोडा बाक द्यायचा आणि वजन हाडांवरून पायांपर्यंत उतरवायचं. मग डोळे मिटून दोन-तीन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडून पाहायचं, की रायफल आपसूक कुठे रोखली गेली आहे. ती लक्ष्याच्या डावीकडे असेल तर हाताने ओढून आणायची नाही, पाय सरकवायचे. हाताने ओढलेली रायफल चाप दाबताच जागेवर परत जाते. हे शरीराच्या अंगवळणी पडायला महिने लागतात, आणि या सगळ्याला एकही छरा लागत नाही.

यालाच ड्राय फायरिंग म्हणतात. रायफल रिकामी आहे याची आधी स्वतः खात्री करायची, मग दुसऱ्याकडून करवून घ्यायची. काडतुसं त्या खोलीत ठेवायचीच नाहीत. मग नेम धरून रिकामा चाप दाबायचा. सैन्यातली जुनी रीत अशी, की नळीच्या टोकाशी नाणं ठेवायचं आणि चाप सुटल्यावर ते पडता कामा नये. खरी गोळी सुटताना आवाज आणि धक्का इतका असतो की नेमबाजाची चूक त्यात लपून जाते. रिकाम्या रायफलीत ती लपत नाही. बोट चाप सरळ मागे न घेता बाजूला ओढतं, खांदा धक्क्याच्या भीतीने आधीच आखडतो, हे सगळं स्पष्ट दिसतं. चाप सुटल्यानंतरही क्षणभर तसंच स्थिर राहायचं असतं. नवशिके तिथेच चुकतात, कारण गोळी कुठे लागली हे पाहायची त्यांना घाई असते.

किती सराव करावा, यापेक्षा तो कसा वाटून करावा हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. अॅलन बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी १९७८ मध्ये ब्रिटनच्या टपाल कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकायचं होतं. एका गटाला रोज एकच तास शिकवलं, दुसऱ्या टोकाच्या गटाला रोज चार तास. रोज एक तास बसणाऱ्यांना तेवढंच कौशल्य कमी तासांत आलं. तरीही सगळ्यांत नाराज तेच होते, कारण दिवस जास्त लागले. शिकणाऱ्याला शिबिर आवडतं आणि हाताला रोजचा तास मानवतो, असा त्याचा अर्थ मी घेते. नुसत्या तासांवरही भिस्त ठेवता येत नाही. ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा खेळाडूंच्या कामगिरीतल्या फरकापैकी सरावाने उलगडणारा वाटा १८ टक्के निघाला. चूक दाखवणारा कुणी शेजारी नसेल तर माणूस तीच चूक पक्की करत बसतो.

आपली व्यवस्था चालते ती याच्या नेमकी उलट. एनसीसीच्या मुलाला .२२ रायफल मिळते ती बहुधा शिबिरात, मोजक्या गोळ्यांसह. पोलिसांचीही स्थिती फार निराळी नव्हती. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने, सरावासाठी दारूगोळाच पुरेसा नसल्याचं नोंदवलं होतं. ज्यांच्या हातात आपण शस्त्र देतो त्यांना ते चालवायची सवय ठेवू देत नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. सराव नसलेला हात घाबरून चालतो, आणि घाबरलेल्या हाताची गोळी कुणालाही लागू शकते.

आता दवनीवाड्याकडे पाहू. गावात पोलीस ठाणं आहे. वैनगंगेच्या पट्ट्यातल्या या धानाच्या गावांतून पहाटे रस्त्यावर भरतीची तयारी करणारी मुलं-मुली धावताना दिसतात. भरतीच्या मैदानी चाचणीत १६०० मीटर धावणं, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. धान रोवणीच्या दिवसांत बांधीत कंबर मोडून आलेली मुलंही पहाटेचं धावणं चुकवत नाहीत. रोजच्या सरावाची किंमत त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नाही. रायफल मात्र त्यांच्या हाती येते ती भरती झाल्यावर, प्रशिक्षण केंद्रात, आणि तिथे शिकायला वेळ थोडाच असतो.

१० मीटरच्या रेंजला ना डोंगर लागतो, ना मोकळं माळरान. शाळेचा लांबट हॉल, मागे छरे अडवणारी भक्कम भिंत, जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर लक्ष्य आणि त्यावर नीट उजेड, एवढ्यात चार मुलं शेजारीशेजारी उभी राहू शकतात. साडेचार मिलिमीटरच्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही. खर्च आहे तो दोन बऱ्या रायफलींचा, आणि त्याहून मोठा म्हणजे जाणत्या माणसाचा. त्याने वर्षातून एकदा येऊन भाषण देऊ नये. आठवड्यातून दोनदा येऊन पाय कुठे ठेवले, कोपर कुठे टेकलं एवढंच पाहावं. मधल्या दिवशी मुलांनी अर्धा-अर्धा तास रिकाम्या रायफलीवर काढावा आणि वहीत लिहावं. जिल्हा क्रीडा कार्यालय, एनसीसी आणि पोलीस यांनी मिळून गोंदिया तालुक्यातल्या एका शाळेत हे तीन वर्षं चालवून पाहावं, आणि पहिल्या वर्षी मुलांकडून पदक मागू नये.